हुकूम टाइप केला मीच

हुकूम टाइप केला मीच.
मुरारच्या छावणीत, हेडक्लार्कच्या खोलीत,
तीन कार्बन, पंखा बंद, कागद उडू नयेत म्हणून.
घरच्या सवयीनं लिहून गेलो
‘युनिटच्या हद्दीत धूम्रपान वर्ज्य’,
जसा चातुर्मासात कांदा.
मेजर थपलियालांनी लाल पेनानं ‘वर्जित’ केलं.
ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचं हिंदी
असं शेवटपर्यंत तपासलं जातं.

माझ्या खिशात तेव्हा पाकीट होतं.
त्याच इमारतीत, जिन्याखालच्या कॅन्टीनमधलं,
बाजारापेक्षा स्वस्त.

शिकलो कसा, तेही सांगतो.
रंगरूट होतो. उन्हात खंदक खणून हात सोललेले.
उस्ताद ओरडायचा,
‘सिगरेटवाले, पाँच मिनिट आराम!
बाकी सब, झाडू उठाओ!’
दोन दिवस झाडलं मैदान.
तिसऱ्या दिवशी, ठसकत ठसकत,
आराम शिकलो.

मग वरची चौकी. तिथं भदौरिया होता, भिंडचा,
बोलला तर शिवी, नाहीतर गप्प.
चौघांत एक सिगरेट.
पेटतं टोक तळहाताच्या आत,
पाठ वाऱ्याला,
कारण एवढासा लाल ठिपका
मैलभरावरून दिसतो म्हणतात
आणि नेम धरायला तेवढा पुरतो.
शेवटचा झुरका तो कधी घ्यायचा नाही.
‘उधार रहने दे.’
एका रात्री छातीत पाणी भरलं त्याच्या.
उंचीनं, की धुरानं?
फॉर्मवर कारणाला रकाना एकच होता,
आणि तो मीच भरला.

म्हणून हुकूम आला तेव्हा
मला कुठल्याच बाजूला नीट उभं राहता येईना.
डॉक्टरीणबाई एक्स-रे खिडकीला लावून म्हणाल्या,
हा मुलगा तेवीस वर्षांचा आहे,
ही छाती बघा, हा डोंगर चढेल?
खरं होतं.
सुभेदार मेजर पहाडसिंग म्हणाले,
साहेब, जान मागता, ती देतो,
आता श्वासाचाही हिशेब द्यायचा?
तेही खरं होतं.
मी दोघांचं म्हणणं फाइलला लावलं,
पृष्ठांक घातले,
दोरी बांधली.

फक्त एक ओळ माझ्या मनाची घातली होती, अखेरीस,
कलम सहा:
‘न ओढणाऱ्यांसही पाच मिनिटे विश्रांती द्यावी.’
ती लाल पेनानं आडवी झाली.
समासात लिहिलं होतं: विषयाबाहेर.

हुकूम लागू झाला.
ऑफिससमोरची थोटकं कमी झाली,
पाण्याच्या टाकीमागची वाढली.
इन्स्पेक्शनला टाकीमागं कुणी जात नाही,
त्यामुळे सुधारणा नोंदली गेली.
आरामाची हाक तेवढी बंद पडली.
आता सगळ्यांच्याच हाती झाडू.

मी सोडली. हुकमानं नाही,
जिना चढताना मधल्या पायरीवर
बसावं लागलं, त्या दिवशी.
हात मात्र अजून तिथंच आहे.
अगरबत्ती देवापुढे नेतो
तीसुद्धा मुठीच्या आडोशानं,
सूनबाई म्हणते, ‘बाबा, देवघरात कुणापासून लपवताय?’

काल रात्री लाइट गेली.
बारादरीपासून किल्ल्यापर्यंत अंधार.
गच्चीत खुर्ची टाकून बसलो,
शेजारी इन्हेलर, पाण्याचा तांब्या.
छावणीच्या भिंतीपाशी पहारा बदलला,
बुटांचा आवाज आला, मग थांबला.
नवा पोरगा उभा असणार तिथं,
थंडी, झोप, चार तास.
मी बराच वेळ बघत राहिलो.
ठिपका दिसला नाही.

एक तर हुकूम पाळला जातोय,
नाहीतर
पोराची मूठ पक्की आहे.