मुकी जागा

चष्मा नातवानं पाठवला, कॉर्कहून.
खोक्यात एक चिठ्ठी: दांडे तुमचे तुम्ही निवडा,
हात तुमचे आहेत.

दुकानातला पहिला संच तालिवाल्दिसनं परत केला.
एक थ्रॉटल, एक जॉयस्टिक, सगळा विमानाचा थाट.
"मागे ओढलं की थांबायचं म्हणे.
तिथे हवाच नाही, अडवणार कोण?"
लिएपायाच्या बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस.
कोळसा, ओंडके, एकदा देवळाची अख्खी घंटा
चिमटीतल्या मिठासारखी अलगद उतरवलेली.
त्याला दोनच हवे होते, सारखे, स्प्रिंगचे:
डाव्यानं सरकायचं, पुढेमागे, वरखाली, कडेला;
उजव्यानं नाक वळवायचं, कूस बदलायची.

आणि मी खाली, धक्क्यावर, पिवळ्या हेल्मेटात.
मूठ म्हणजे थांब.
तर्जनीचं बारीक वर्तुळ म्हणजे चढव, पण हळू.
चोवीस वर्षं आम्ही हातांनीच बोललो,
आवाज ऐकला तो जेवणाच्या सुट्टीत.

स्वयंपाकघरातल्या टेबलाला दांडे कसले
तर पहिल्याच वळणाला बीटाचं सूप सांडलं.
मग मी जुन्या खुर्चीला लोखंडी पट्ट्या ठोकल्या.
मिर्द्झानं शिवणाची टेप घेऊन कोपराची उंची मापली:
काटकोन, मनगट सैल, खांदे खाली.
चष्मा चढवला की बटणं दिसत नाहीत,
म्हणून एकावर सँडपेपरचा तुकडा,
एकावर तिच्या नेलपॉलिशचा वाळलेला थेंब,
तिसरं कोरंच ठेवलं. कोरं म्हणजे तेच.

सगळं जमलं. यान मात्र ठरेना.
हात काढले की यान गप्प,
हात ठेवले की थरथर, जणू थंडी वाजतेय.
"स्टिक खराब निघाली," मी म्हणालो.
तालिवाल्दिस बोलला नाही.
मिर्द्झानं नळ सोडला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुतला.

त्यावर उपाय असतो. मेनूत खोल कुठेतरी
डेड झोन नावाची एक पट्टी आहे.
मी तिला मुकी जागा म्हणतो:
दांड्याच्या मधोमध एवढीशी जागा,
जिथे हात हलला तरी कोणी ऐकत नाही.
ऑक्टोबरात तीन टक्के.
नाताळात पाच.
बर्फ वितळेपर्यंत अकरा.
"थोडी वाढव," तो म्हणायचा,
शेगडी वाढव म्हणावं तसं,
आणि मी वाढवायचो, आकडा मोठ्यानं न वाचता.
यान शहाण्यासारखं उभं राहायचं.
अवकाशस्थानकाच्या दारात तो ते असं आणून लावायचा
की धक्का म्हणून लागायचा नाही.

परवा संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला होता,
खिडकीच्या काचा वाजत होत्या.
"शून्य कर," तो म्हणाला.
मी ऐकलं नाही असं दाखवलं.
"वादळात आपण काय करायचो?
ब्रेक काढायचो. क्रेनचा हात वाऱ्याला देऊन टाकायचो,
फिरू दे कुठे फिरायचंय ते.
धरून ठेवलेली क्रेन मोडते. कर शून्य."

केलं.
लहान पडद्यावर मला दिसत होतं त्याला दिसणारं:
सगळे तारे थरथरत होते, एकूण एक,
शनीची कडीसुद्धा.
तो हसला बहुतेक. चष्म्याखाली तोंड तेवढंच दिसतं.
मग त्यानं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले,
यान होतं त्याच वेगानं जात राहिलं,
कोणी न ढकलता,
समोर काहीच नव्हतं त्या दिशेनं.

सवयीनं माझी मूठ वर गेली.
चष्मा होता त्याच्या डोळ्यांवर.
मूठ खाली घ्यायचं मला सुचलं नाही
मिर्द्झानं काळा पाव कापून हातात देईपर्यंत.