सगये

लिहिताना येतो मला ळ.
दोन गाठी घालायच्या, शेपूट खाली सोडायचं.
जिभेवर मात्र तो बसत नाही,
घसरतो, य होतो.
आमच्याकडे केळीची केयी, शाळेची शाया,
आणि जळगावची एसटी आम्हाला जयगावला नेते.
अजून कुणी चुकीच्या गावी उतरलेलं नाही.

रुचिता फेगडेचंही तसंच होतं, आठवीपर्यंत.
बाग तिच्या बापाची, त्यात घड कापणारा बाप माझा,
पण य आमचा एकच.
मग सुट्टीत तिला पुण्याला मावशीकडे ठेवलं.
परत आली आणि सहज म्हणाली, डोळे.
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले,
जीभ कुठे लावते ते.

जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा. विषय समता.
नावं पुकारणाऱ्या सरांनी कागद जवळ धरला:
जुलेखा तडवी. तडवी म्हणजे नेमकं काय?
भिल्ल, सर.
मग जुलेखा कशी?
मुसलमान, सर.
काहीतरी एक सांग, म्हणाले, मागे रांग आहे.

आदल्या रात्री भाषणातले ळ वेचून काढले होते,
तांदळातून खडे काढावेत तसे.
मळ्याचं शेत केलं. काळाचा जमाना केला.
एक तेवढा निघेना:
आपण सगळे.
सर्व लिहून पाहिलं,
तर ते नोटीस बोर्डावरचं वाटलं,
सर्वांस कळविण्यात येते की.
राहू दिलं.

"आपण सगये," म्हटलं मी,
आणि सभागृह हसलं.
हसण्यात सगये होते.

रुचिता दुसरी आली.
परतीच्या एसटीत ती खिडकीशी, ढाल मांडीवर.
भुसावळ गेलं तरी बोलली नाही.

फैजपूरच्या स्टँडवर तिच्या पप्पांची गाडी.
"बस व पोरी, सोडून देतो," म्हणाले,
आणि तिला, हळू आवाजात पण मला ऐकू येईल इतक्या,
"सीटीवर पोतं टाक पहिले.
चीक लागतो यायच्या कपड्याले."

अंगावर ईदचा ड्रेस होता, आतेबहिणीचा, दुधी रंगाचा.
चीक बापाच्या सदऱ्याला असतो.
धुऊन जात नाही, दर धुण्याला काळा होतो,
ते त्यांचं खरं आहे.

मी म्हटलं, जाते चालत, काका.

मागे गाडीचं दार वाजलं.
लागलं की उघडलं, कळलं नाही.
पाटाच्या पुलापर्यंत आले
तेव्हा चपलेचा आवाज. डावी घासत येणारी.
तिची डावी पहिलीपासून घासते.

"थांब ना व.
मलेबी सगयेच म्हनाचं व्हतं."

खोटं असेल. आता काय, ढाल मिळाल्यावर.
पण धाप लागली होती तिला,
आणि हात रिकामे होते, हे मला
आवाजावरून कसं कळलं कोण जाणे.

थांबले नाही मी. चाल तेवढी कमी केली.
मग पाहिलं, वळून.
वयून.