चारशे तीन

क्लाक्सविकला रात्रीचे अडीच.
जिन्याखाली, ओल्या बुटांशेजारी
बिजागरी तुटलेला लॅपटॉप तापलाय.

मार्यून पुन्हा तपासते:
आजोबांच्या होडीचा आराखडा,
वाचायची मुभा सगळ्यांना.
तरी कोपनहेगनहून भाचा लिहितो,
'मनाई आहे म्हणतंय, मावशी.'

चिडून तिने सात-सात-सात दिलं,
म्हणजे या, वाचा, खोडा, काय हवं ते करा.
तरी मनाईच.

मग लॉग. ओळीमागून ओळ.
फाइल उघडीच होती.
वरच्या फोल्डरात, तिच्याच नावाच्या,
पाऊल टाकायची परवानगी नव्हती कुणाला.
ताट वाढलेलं, आणि फाटकाला कडी.

एक अक्षर लागलं. एक्स.

फोनचं वायफाय बंद करून पाहते:
होडी दिसते, वल्ह्यांसकट.
भाचा झोपला असेल.
ती बसून राहते अजून,
रागात देऊन टाकलेलं
एकेक परत घेत.