वाळक्या झाडापाशी डावीकडे

डिचोलीत, आग्नेलच्या झेरॉक्सच्या दुकानात
पडद्याआड चार कॉम्प्युटर होते.
तीन चालायचे.
चौथा आमचा.

खाणीचा ट्रक गेला की मॉनिटर थरथरे,
त्या देशात भूकंप झाला असं आम्ही धरून चालायचो.
कीबोर्डच्या फटींत लाल धूळ.
एक कळ दाबली की आतच रुतून बसे,
आमचा वीर मग मागे मागे चालत
तळ्यात पडे.

तासाला वीस रुपये.
दहा सगुणचे, दहा माझे,
म्हणजे त्या दिवशी भाजीपाव नाही.

पहिल्याच गुहेत उंदरानं मारलं आम्हाला.
राक्षसानं नव्हे, उंदरानं.
सतरा वेळा.
"मेलों रे परत," सगुण म्हणायचा,
पणजीची बस चुकावी तेवढ्याच सुरात.

त्या खेळात बाण नव्हता, ठिपका नव्हता.
सराईत एखादी म्हातारी भेटे, सांगे:
वाळक्या झाडापाशी डावीकडे वळ,
पाणी उजव्या हाताला ठेव,
दोन दगड लागतील.
सांगे इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेतले,
डिक्शनरी मांडीवर घेऊन तिला उलगडायचो.
कितीतरी शब्द तिनं शिकवले मला
शिरगावकर सरांच्या वर्षभर आधी.

आणि वाळकी झाडं तर तिथे शेकडो.

म्हणून सगुणनं भूमितीच्या वहीत, शेवटच्या पानापासून उलटा,
नकाशा काढायला घेतला.
प्रमेयं पुढून येत होती, डोंगर मागून.
दिवाळीच्या सुमारास दोन्ही एकमेकांना भिडले
आणि सगुण नापास झाला.

त्याला काही टाकवायचं नाही.
फुटक्या थाळ्या, कुणाचे तरी बूट, चाळीस मेणबत्त्या.
"लागतलें केन्नाय तरी."
ओझं इतकं झालं की वीराला पाऊल उचलेना,
मग आम्ही तसेच उभे, भर बाजारात,
तास संपेपर्यंत.

एकदा वाट चुकून कड्यावर पोचलो.
पहाट होत होती तिथे. खाली समुद्र.
समुद्र काय आम्हाला नवा?
पण हा कुणी दाखवला नव्हता.
आग्नेल वेळ संपली सांगायला आला
आणि खुर्चीमागे उभाच राहिला.
तो अर्धा तास त्यानं वहीत लिहिला नाही.

पुढे उत्तरेला काळ्या पायऱ्या लागल्या,
पायऱ्यांवर एक राखणदार.
गणपतीच्या सुट्टीभर त्याच्या हातून मेलो.
शेवटी पहिल्या पायरीवर खेळ जपून ठेवला,
म्हटलं, उद्या बघू. तेवढ्यात वीज गेली.
त्या आठवड्यात आग्नेल आपल्याच मशीनवर
आजोबांच्या पोर्तुगीज जन्मदाखल्याच्या प्रती काढत होता.
स्विंडनला गेला.
कॉम्प्युटर कुणी नेले, कळलं नाही.

गेल्या वर्षी तोच खेळ पुन्हा घेतला.
दहा मिनिटांत उतरला.
कुणीतरी आता त्यात बाण बसवलाय,
बोट धरून नेतो.
एका रविवारी दुपारी पायऱ्यांशी पोचलो,
तीन घावांत राखणदार पडला.
मी उठून चहा ठेवला.

सगुणच्या घरामागची टेकडी खाणीनं खाल्ली,
तिथे आता हिरव्या पाण्याचा खड्डा आहे.
त्या देशातले डोंगर मात्र सगळे जागच्या जागी.
मी मोजून पाहिले.

सगुण तारवटी झाला. सध्या कुठल्या बंदरात, ठाऊक नाही.
मी लिहिलं: राखणदार मेला.
अकरा दिवसांनी उत्तर आलं:
"आमचो न्हय तो.
आणि त्या झाडापाशी उजवीकडे वळायला हवं होतं.
वहीत बघ."

वही माझ्याकडे नाही.
मला वाटायचं, त्याच्याकडे असेल.

आमचा अजून तिथेच असणार, पहिल्या पायरीवर,
वीज यायची वाट बघत.
कुणाचे तरी बूट पाठीवर.
चाळीस मेणबत्त्या,
एकही न पेटवलेली.