वादी क्रमांक एक-अ

मुगभाटातल्या दुकानावरचा पोटमाळा,
नऊ फूट बाय चार.
ताठ उभं राहिलं तर डोकं तुळईला लागतं.
एवढ्याशासाठी? असं लोक विचारत.
एवढ्याशासाठीच, असं बाबा सांगत.

शहाण्यानं चढू नये ती पायरी
बाबा एकोणीस वर्षं चढले.
आधी दोन-दोन, एका दमात,
मग कठडा धरून,
मग माझा खांदा.
धोबीतलावाचं लघुवाद न्यायालय.
त्याला लघु कोण म्हणालं
एवढं विचारायचं राहून गेलं.

खर्चाची वही आहे. निळी, लांबट.
मुद्रांक, वकीलपत्र, नकला,
वकिलांची हजेरी (न्यायाधीश रजेवर),
वकिलांची हजेरी (समोरचे वकील आजारी),
हजेरी (फाईल सापडत नाही).
पुढे पुढे बाबांनी कंस सोडून दिले.
एका पानावर नुसतं
'टॅक्सी नाही, चालत'
आणि रकान्यात शून्य, नीट गोल काढलेलं.

बाबा गेले.
ताईला आईची तांब्याची भांडी,
मला 'वादी क्रमांक एक-अ'.
वारस म्हणून नाव लावायच्या अर्जाचे पैसे,
हे वहीतलं माझं पहिलं अक्षर.

मग कुणीसं म्हणालं, मध्यस्थाकडे जाऊन तर बघा.

गोल टेबल. भिंतीवर कॅलेंडर नाही.
तारीख नसलेली खोली
मी त्या बाजूला पहिल्यांदाच पाहिली.
कात्रकबाई म्हणाल्या,
कोण खरं ते मी विचारणार नाही.
आजवर किती गेले तेवढं लिहा.

जयसुखभाई वोरांनी पिशवीतून वही काढली.
निळी, लांबट.
ठाकूरद्वारच्या त्याच दुकानातली असणार.
त्यांच्याही हजेऱ्या, दिवसही तेच.
दोन बेरजा शेजारी ठेवल्या
तर माळ्याखालचं दुकानसुद्धा आलं असतं.
कोणी हसलं नाही.
वोरांनी कानातलं यंत्र काढून पुसलं, परत घातलं.

अडीच तासांत मिटलं.
माळा आमचा, त्यांना थोडी रक्कम, तीन हप्त्यांत.
कलम सात मी पुन्हा पुन्हा वाचलं:
या समझोत्याने कोणत्याही पक्षाने
आपली चूक मान्य केली, असे समजू नये.

बाबांना पैसे नको होते हो, कात्रकबाई.
माळाही नको होता, खरं सांगायचं तर.
सहीशिक्क्यानिशी एक ओळ हवी होती:
वामन पागनीस खोटं बोलला नाही.
त्या ओळीचे हप्ते एकोणीस वर्षं भरले
आणि मी ती सोडून दिली,
तुमच्याकडूनच पेन मागून घेऊन.

मिटवलं की कोर्ट फी परत मिळते म्हणे.
त्याचा नमुना आहे, तीन प्रतींत.
बाकीच्याचा नमुना
मी खिडकीवर विचारला नाही.

जिना उतरताना वोरा मध्येच थांबले.
"तारखेला तुझे वडील बाकावर जागा धरायचे.
माझ्यासाठी पण. बोलायचे काही नाही.
मी आलो की पिशवी उचलून मांडीवर घ्यायचे."

हे दोन्ही वह्यांत कुठेच नाही.

रविवारी माळा उघडला.
बटणांचे रिकामे खोके, एक तुटकी शिडी,
आणि मी, कमरेत वाकलेली,
जिंकल्यासारखं वाटतंय का ते बघत.
मान दुखायला लागली तशी खाली आले.

रात्री वही घेतली.
खर्चाच्या बाजूला त्या दिवसाचं सगळं लिहिलं,
झेरॉक्ससकट.
मग डावीकडचं पान, जमेचं,
एकोणीस वर्षं कोरं राहिलेलं.
तिथे लिहिलं:
दोन चहा, वोरांनी दिले.
रक्कम घातली नाही.