मापांच्या वहीतली फुलं

जांबोटीत सफरचंद? म्हणून हसले सगळे.
परसात चार झाडं, शिमल्याकडची कलमं.
डिसेंबरात मी पानं खुडली हातानं, एकेक,
झाडाला वाटावं, पडली बाई खरीच थंडी.

पहिलं फूल सव्वीस जानेवारीला.
शाळेत झेंडा, बिस्किटं, आणि इकडे
पांढऱ्यावर गुलाबी, नख लागल्यासारखं.
देठाला बांधला ब्लाउजचा उरलेला लाल दोरा.
मग तीन आठवडे काहीच नाही.
मग त्याच फांदीवर दुसरी झुंबड.
तिला निळा, युनिफॉर्मचा.
तारखा लिहिल्या मापांच्या वहीत:
छाती चौतीस, कंबर तीस, फूल सव्वीस एक,
बाही साडेसहा, फूल सतरा दोन.

खानापुराहून बागायत खात्याचे हिरेमठ आले.
"हू यावाग बंतु?" त्यांनी विचारलं.
मी आपली "हूं" म्हणाले.
कानडीत हू म्हणजे फूल,
आमच्यात हूं म्हणजे चाललंय की.
मग वहीच दिली हातात.
मापं वाचून थोडे लाजले.

जून लागताना सगळी एकाच दिवशी उतरवली,
कारण बेळगावला टेम्पो एकाच दिवशी जाणार होता.
रंग सारखा. वजन सारखं.
हिरेमठांनी दोन आडवी कापली, आयोडीन लावलं:
लाल दोऱ्याचं गोरंच राहिलं,
निळ्याचं काळंनिळं, दौत लवंडल्यागत.
म्हणाले, ह्याच्या पोटात पीठ आहे अजून, हे टिकेल.
ते आजच खा.

दलाल म्हणाला, एक पेटी, एक भाव, दोरे काढा.
एक पेटी मी घरीच ठेवली, दोऱ्यांसकट.

लाल दोऱ्याची आठ दिवसांत भुसभुशीत,
दाताखाली ओला कोंडा. गोड होती मात्र, फार.
निळी भाताच्या तुसात, कॉटखाली.
कर्नाटकी बेंदूर झाला, ती आंबटच.
महाराष्ट्री बेंदूर आला
तेव्हा कुठं खोलीभर वास सुटला
आणि चावताना आवाज आला.

माझं लग्न एकोणचाळिसाव्या वर्षी झालं.
हे इथं लिहायचं काही कारण नाही,
दोरा हातात होता म्हणून आठवलं.

आता एकच उरलंय पेटीत.
दोरा इतका विटलाय,
लाल की निळा, सांगता येत नाही.
उजेडात धरून बघूलाय मी,
तोवर दारात घाड्यांची रुक्माक्का:
"झाला काय गं ब्लाउज?"
अजून आठ दिवस, म्हणाले.