तळाशी सतरा

पाथर्डी फाट्याच्या पुढे, जिथे तीन वर्षांपूर्वी
थॉमसनच्या द्राक्षांचा मांडव होता,
तिथे आता माझी जमिनीखालची टाकी आहे.
साठ हजार लिटर. स्लॅब भरून एकवीस दिवस झाले.
आत फळ्या, बल्ल्या, गुडघाभर साचलेलं पाणी,
वर दोन बाय दोनचं तोंड.

शटरिंग काढायचंय.
देवराम भोये चपला काढून उभा आहे,
देवळात जावं तसा.
"शेठ, दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं काम मी ओळखतो.
जेलरोडला, माझ्या पहिल्या साइटवर,
एकाला असाच आत सोडला होता.
नाव आठवत नाही. पेठकडचा होता.
उतरला, फळ्या काढल्या,
डोकं जड झालंय म्हणाला, चहा प्यायला, घरी गेला.
काही झालं नाही.
बावीस वर्षं झाली, आणि मी अजून
त्या 'काही झालं नाही'च्या काठावर बसून आहे.

आजोबा दिंडोरीकडे विहिरी खोदायचे.
जुन्या विहिरीत आधी कंदील सोडायचे, दोरीला बांधून.
विझला, तर त्या दिवशी खाडा,
मालक कितीही कावला तरी.
आता कंदील चालत नाही,
आत प्रायमरचा वास असला तर ज्योत म्हणजे काडी लावणंच.
आता हे पिवळं यंत्र, मुठीएवढं.
किंमत ऐकून माझा भागीदार आहेर म्हणाला होता,
"हवा फुकट असते रे."

सोडलं.
तोंडाशी वीस पूर्णांक आठ.
मधे एकोणीस.
तळाशी सतरा, आणि ते कोकलायला लागलं
घरट्यातून पडलेल्या पिल्लासारखं.

देवराम वाकून बघतो. काहीच दिसत नाही.
तीच तर अडचण.
धूर असता तर तोच मागे सरला असता.
भिजलेलं लाकूड कुजतं, आणि माणसाच्या वाटचा श्वास
गपचूप खाऊन बसतं.

ब्लोअर लावला. दीड तास
हायवेची हवा आत ढकलतोय, धुळीसकट.
बिल्डरचा फोन: अजून सुरूच नाही?
नाही.

तिपाई, पट्टे, दोर. मग कागद.
एक रकाना: बाहेर कोण थांबणार?
देवरामचा धाकटा, येसू, पुढे झाला.
"मी थांबतो. भाऊ आहे माझा."
म्हणूनच नको.
भाऊ पडला तर तू दोर ओढणार नाहीस, उडी घेशील.
तुझ्यामागे अजून कोणी.
अशा टाक्यांतून माणसं मोजून काढावी लागतात:
पहिला कामाने गेलेला,
बाकीचे मायेने.

तिथे मंजुळा महाले बसेल.
घमेल्यांचा हिशेब ठेवते, एक चुकत नाही.
तिला सांगितलं: हॅण्डल फिरव, बोंब मार, फोन लाव.
आत पाय टाकायचा नाही.
"मरायला लागला तरी?"
"तरी."
हे वाक्य मोठ्याने म्हणणं
हेसुद्धा मालकाच्याच कामात येतं.

येसू रुसून वाळूच्या ढिगावर जाऊन बसला.

यंत्र पुन्हा सोडलं. तळापर्यंत वीस पूर्णांक आठ.
सही केली. देवराम उतरला, बूट घालून,
यंत्र छातीला लावून.
मंजुळा दर दोन मिनिटांनी हाक मारते,
खालून 'हो' येतो, पिंपातून आल्यासारखा.

एकदा आला नाही.
मी उठलो. येसू उठला.
मंजुळा हलली नाही. तिने दोराला एक हिसका दिला.
खालून उलटा हिसका, मग थुंकल्याचा आवाज,
मग देवराम, वैतागून:
"अगं, बॅटरी तोंडात धरलीय, बोलू कसा?"

येसू हसला, पहिल्यांदा.
मी कागद उलटून पालटून पाहिला.
डोक्यावरच्या दिव्याचा रकानाच नव्हता.
मीच तो कागद टाइप करून घेतला होता.

"वर ये," मी म्हणालो.
"आता? अर्ध्यात?"
"अर्ध्यात. वर ये."